बाळाचे अन्न घरच्या कणगीतून

उष्टावण हा शेतकरी कुटुंबातील मोठ्या आनंदाचा प्रसंग होय. घरातील वडीलधारी मंडळी बाळाच्या ओठाला खीर लावतात, सुवासिनी ओवाळतात आणि बाळाचे अन्न सुरू झाले असे सर्वजण समजतात. परंतु दुसऱ्या दिवसापासून बाळाला काय द्यावयाचे, किती द्यावयाचे व दिवसातून किती वेळा द्यावयाचे, याचा विचार मात्र फारसा होत नाही. भाताची पेज, वरणावरचे पाणी किंवा चहात बुडविलेले बिस्कीट यांवर वेळ निभावून नेली जाते. सहा महिने अंगावरच्या दुधावर चांगले बाळसे धरलेले मूल त्यानंतर वर्षभरात रोडावते, वारंवार आजारी पडते व त्याची वाढ खुंटते. दात येत आहेत म्हणून मूल वाळले, किंवा दृष्ट लागली, असे घरची माणसे म्हणतात. खरे कारण पुष्कळदा निराळे असते. बाळाच्या पोटात जाणारे अन्न त्याच्या गरजेस पुरत नाही.

ज्या घरी असे घडते त्याच घरी कणगीत नाचणी असते, मडक्यात मूग असतात आणि परसात शेवगा असतो. बाळाचे उत्तम अन्न शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतातच पिकते. ते बाळास पचेल व पुरेल अशा रूपात आणण्याची रीत तेवढी माहीत असावयास पाहिजे. ही रीत जुनीच आहे. मात्र तिच्यामागील कारण नीट समजून घेतल्याशिवाय तिचा पुरता लाभ मिळत नाही.

अन्न का कमी पडते ?

सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळास आईच्या दुधाखेरीज कशाचीही, पाण्याचीसुद्धा, आवश्यकता नसते. त्यानंतर केवळ दुधावर त्याची गरज भागत नाही. मुलाचे उष्टावण सम महिन्यात व मुलीचे विषम महिन्यात करण्याची चाल अनेक घरांत आहे. विधी केव्हाही होवो, शरीराच्या गरजेच्या दृष्टीने मुलगा व मुलगी यांची वेळ एकच आहे. सहा महिने पूर्ण होताच वरचे अन्न सुरू करावे, आणि अंगावर पाजणे निदान दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे.

सहा ते आठ महिन्यांच्या बाळास आईच्या दुधाव्यतिरिक्त दररोज सुमारे २०० उष्मांक वरच्या अन्नातून मिळावे लागतात. नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळास सुमारे ३०० आणि त्यापुढे दोन वर्षांपर्यंत सुमारे ५५० उष्मांक लागतात. आता बाळाच्या पोटाचा विचार करू. वजनाच्या प्रत्येक किलोस सुमारे ३० मिलिलिटर, या हिशेबाने ८ किलो वजनाच्या बाळाच्या पोटात एका वेळी सुमारे २४० मिलिलिटर म्हणजे एक मध्यम वाटीभर अन्न मावते. त्याहून अधिक ते घेऊच शकत नाही.

साध्या पिठाची लापशी करताना १०० मिलिलिटर पाण्यात ८ ते १० ग्रॅम पीठ टाकले की ती दाट होऊ लागते. पीठ आणखी वाढविल्यास तिचा गोळा होतो व बाळास तो गिळता येत नाही. म्हणून आई त्यात पाणी घालते. अशा पातळ पेजेच्या १०० मिलिलिटरमध्ये जेमतेम ३० ते ३५ उष्मांक असतात, तर आईच्या तेवढ्याच दुधात ६५ ते ७० असतात. म्हणजे बाळास जे अन्न दुधाला जोड म्हणून द्यावयाचे, ते दुधापेक्षाही निकस ठरते. अशा पेजेतून २०० उष्मांक मिळवावयाचे तर बाळास दररोज ६०० मिलिलिटरच्या वर पेज पाजावी लागेल. मग अंगावरच्या दुधास पोटात जागा उरणार नाही. पोट भरलेले आणि बाळ उपाशी, अशी ही स्थिती आहे.

मोडामुळे काय साधते ?

या अडचणीवरील उपाय धान्याच्या दाण्यातच आहे. दाणा भिजून त्यास मोड येऊ लागला म्हणजे कोवळ्या अंकुरास अन्न पुरविण्यासाठी दाण्यातील पिष्टाचे विघटन सुरू होते. हे काम अमायलेज नावाचे विकर करते. मोड आलेले धान्य वाळवून दळले असता हे विकर पिठात टिकून राहते आणि लापशी तापू लागली की ते पिष्टाचे लांब धागे तोडून टाकते. त्यामुळे अशा पिठाची लापशी घट्ट होत नाही. साध्या पिठाच्या दुपटीहून अधिक पीठ घातले तरी ती बाळास गिळता येईल इतकी पातळ राहते. याशिवाय भिजविण्याने व मोड आणण्याने धान्यातील लोह व जस्त अडवून धरणारी द्रव्ये कमी होतात आणि अन्न पचावयास हलके होते.

नाचणीत हा गुण विशेष आढळतो. मैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी नाचणी व मूग यांना मोड आणून तयार केलेल्या बालअन्नासंबंधीचे संशोधन १९८२ साली प्रसिद्ध केले. त्यात ७० भाग नाचणी व ३० भाग मूग असे प्रमाण घेतले होते. बडोदे येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले, की साध्या दाट लापशीत मोडाचे थोडेसे पीठ मिसळले तरी ती पातळ होते.

नाचणी व मूग ही जोडी योग्य असण्याचे आणखी एक कारण आहे. तृणधान्यांतील प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो, तो कडधान्यात भरपूर असतो. कडधान्यात मेथिओनिन कमी असते, ते तृणधान्य पुरविते. दोन्ही एकत्र आली म्हणजे एकाची उणीव दुसरे भरून काढते. शिवाय १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. गाईच्या १०० ग्रॅम दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम, तर तांदळात जेमतेम १० मिलिग्रॅमच्या आसपास असते.

धान्याची निवड

धान्य चालू हंगामातील, टपोरे व कीड न लागलेले घ्यावे. जुन्या किंवा भिजून खराब झालेल्या धान्यास मोड नीट येत नाहीत. येथे एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. पेरणीसाठी आणलेले, औषध चोळलेले बियाणे कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. पेरणीनंतर पिशवीत उरलेले बियाणे धुऊन घेतले तरी त्यावरील विष पूर्णपणे जात नाही. बाळासाठी लागणारे धान्य मळणीच्या वेळीच बाजूस काढून, कडक उन्हात वाळवून वेगळ्या डब्यात ठेवावे. त्यात कोणतेही कीडनाशक टाकू नये.

पीठ तयार करण्याची रीत

नाचणी पाखडून, निवडून, तीन-चार पाण्यांनी धुवावी. खडे व माती पूर्ण निघाली पाहिजे. नंतर ती स्वच्छ पाण्यात सुमारे १२ तास भिजत घालावी व मध्यंतरी एकदा पाणी बदलावे. पाणी निथळून स्वच्छ ओल्या फडक्यात सैलसर बांधून ठेवावी आणि सकाळ-संध्याकाळ त्यावर पाण्याचा हबका मारावा. एक ते दीड दिवसात दाण्याच्या लांबीएवढे मोड दिसू लागतात. याहून अधिक वेळ ठेवू नये. दमट हवेत बुरशी धरते. बुरशीचा वास किंवा तंतू दिसल्यास ती नाचणी टाकून द्यावी.

मूग ८ ते १० तास भिजवावेत व त्यांना एक दिवसात मोड आणावेत. नाचणी व मूग निरनिराळ्या फडक्यात बांधावेत, कारण दोघांना लागणारा वेळ सारखा नाही.

मोड आलेले धान्य स्वच्छ कापडावर पातळ पसरून कडक उन्हात दोन दिवस वाळवावे. दाणा दाताखाली कटकन तुटला म्हणजे वाळला असे समजावे. वाळलेली नाचणी हाताने चोळून, पाखडून मोड झाडून टाकावेत. नंतर ती मंद आचेवर केवळ गरम होऊन किंचित वास सुटेपर्यंतच परतावी. नाचणी खरपूस भाजल्यास विकर नष्ट होते व मोड आणण्याचा सारा खटाटोप वाया जातो. मुगाची गोष्ट वेगळी आहे. मूग खमंग वास सुटेपर्यंत भाजावेत, चोळून त्यांची साल काढावी व पाखडून घ्यावे.

७०० ग्रॅम नाचणी व ३०० ग्रॅम सोललेले मूग एकत्र करून जात्यावर बारीक दळावे. गिरणीत दळावयाचे असल्यास आधीच्या दळणाचे पीठ मिसळणार नाही याची काळजी घ्यावी. मिरची किंवा मसाला दळणारे चक्र वापरू नये. पीठ बारीक चाळणीने चाळावे. काही घरांत नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून सत्त्व काढतात व चोथा टाकून देतात. या रीतीने सत्त्व दिसावयास शुभ्र होते, परंतु चोथ्याबरोबर कॅल्शियमचा व प्रथिनांचा बराच भाग वाया जातो. बाळासाठी वर सांगितलेली रीतच अधिक लाभाची आहे.

लापशी शिजविणे

एका वेळच्या लापशीस सुमारे २५ ग्रॅम पीठ व दीडशे मिलिलिटर पाणी घ्यावे. २५ ग्रॅम पीठ एकदा तराजूवर तोलून घरच्या चमच्याने ते किती चमचे भरते हे पाहून ठेवावे, म्हणजे रोज तोलावे लागत नाही. पीठ थंड पाण्यात कालवून गुठळ्या मोडाव्यात आणि भांडे मंद आचेवर ठेवून सारखे ढवळावे. उकळी येण्यापूर्वी लापशी हळूहळू तापत असतानाच विकराचे काम होते. म्हणून उकळत्या पाण्यात पीठ टाकू नये. उकळी आल्यावर पाच ते सात मिनिटे चांगली शिजवावी. मोड आणताना धान्यात रोगजंतूही वाढू शकतात, यासाठी हे पीठ न शिजविता कधीही देऊ नये.

खाली उतरल्यावर लापशीत एक लहान चमचा तेल किंवा तूप घालावे. एवढ्याने सुमारे ४५ उष्मांक वाढतात. अशा एका वाटीत सुमारे १३० उष्मांक होतात आणि दोन वेळच्या लापशीत लहान बाळाची दिवसाची गरज भागते. मीठ व साखर घालण्याची जरुरी नाही. गूळ हीदेखील साखरच होय. गोडीसाठी कुसकरलेले केळे मिसळावे. एक वर्षाच्या आतील बाळास मध मुळीच चाटवू नये. त्यातून घातक विषबाधा होण्याचा संभव असतो.

येथे गृहिणीची एक चूक होण्यासारखी आहे. मोडाच्या पिठाची लापशी पुरेसे पीठ घालूनही पातळ दिसते. ती पातळ पाहून पीठ वाया जाते असे वाटून कमी घातले, अथवा सवयीने आणखी पाणी ओतले, तर पुन्हा पूर्वीचीच निकस पेज तयार होते. ही लापशी डोळ्यांनी नव्हे, मापाने करावी.

किती व केव्हा द्यावे ?

प्रारंभी दोन-तीन चमचे द्यावेत व क्रमाने अर्धी वाटी ते वाटीपर्यंत वाढवावे. सहा ते आठ महिन्यांच्या बाळास दिवसातून दोन ते तीन वेळा, व त्यापुढे तीन ते चार वेळा खाऊ घालावे. एक वर्षानंतर मध्ये एक-दोन वेळा फळ किंवा तत्सम खाणे द्यावे. बाळास वाटी-चमच्यानेच भरवावे. बाटली व बोंडले आतून नीट स्वच्छ होत नाहीत.

केवळ लापशीवर बाळास ठेवू नये. शेवग्याचा किंवा इतर कोवळा पाला शिजवून, घोटून त्यात मिसळावा. गाजर, भोपळा, पपई द्यावी. या वयात लोहाची गरज मोठी असते व ती धान्य-कडधान्यांतून पुरी भागत नाही. म्हणून ज्या घरी चालते तेथे अंडे, मासे किंवा मांस मऊ शिजवून, काटे व हाडे काढून, कुसकरून द्यावे. लापशीत लिंबाचे चार थेंब पिळले असता लोह अंगी लागण्यास मदत होते. चहा मात्र लोहाचा शत्रू आहे. तो बाळास देऊ नये. सहा महिन्यांपुढील बालकांसाठी शासनामार्फत मिळणारे लोहाचे पातळ औषध आठवड्यातून दोन वेळा आशा सेविकेच्या सल्ल्याने द्यावे. नवव्या महिन्यापासून मऊ भात-वरण, कुस्करलेली भाकरी असे घरचे अन्न सुरू करावे, म्हणजे बाळ चावण्यास शिकते.

ज्या भागात नाचणी पिकत नाही

कोकणात व घाटमाथ्यावर नाचणी सहज मिळते. इतरत्र गव्हास याच रीतीने मोड आणून वापरावे. सोलापूर, मराठवाडा या ज्वारीच्या मुलुखात मात्र एक सावधगिरी अवश्य बाळगावी. ज्वारीच्या कोवळ्या अंकुरात विषारी द्रव्य निर्माण होते. कोवळी ज्वारी खाऊन जनावरे दगावतात ते याच कारणाने. म्हणून बाळासाठी ज्वारीस मोड आणू नयेत. ज्वारी भाजून दळावी व तिच्या दाट लापशीत गव्हाच्या किंवा नाचणीच्या मोडाचे चमचाभर पीठ घालून, ढवळून, पुन्हा एक उकळी द्यावी. भाजलेले तांदूळ व मुगाची डाळ यांच्या भरडीचे परंपरागत खिमटही याच युक्तीने बाळास पुरेसे पीठ घालून देता येते.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने कुपोषित बालकांसाठी सुचविलेल्या मिश्रणात भाजलेले गहू ४० ग्रॅम, भाजलेले हरभरे १६ ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे १० ग्रॅम व गूळ २० ग्रॅम असे प्रमाण आहे. त्यातून ३३० उष्मांक व ११ ग्रॅमहून अधिक प्रथिने मिळतात. निरोगी बालकास हेच मिश्रण गुळाशिवाय देता येईल.

शेंगदाणे वापरताना ते निवडून घ्यावेत. सुरकुतलेले, काळवंडलेले, बुरशीचे दाणे काढून टाकावेत. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते व ते भाजण्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. १९७४ साली राजस्थान व गुजरातमधील काही आदिवासी खेड्यांत बुरशी आलेला मका खाण्यात येऊन शंभरावर माणसे दगावली, ती याच विषाने. शेंगदाण्याचे कूट अगदी बारीक करून प्रथम थोडेच द्यावे व अंगावर पुरळ किंवा सूज येत नाही ना, हे पाहावे. अख्खा दाणा घशात अडकतो, म्हणून तो देऊ नये.

पावसाळ्याची तरतूद

बाळांच्या आबाळीचा खरा काळ म्हणजे लावणीचे दिवस. आई पहाटेपासून खाचरात असते, बाळ आजीजवळ किंवा मोठ्या बहिणीजवळ राहते, सकाळी केलेली पेज दुपारपर्यंत पुरविली जाते आणि त्यातूनच हगवण लागते. त्या दिवसांत ऊन नसल्याने मोड वाळविणेही शक्य होत नाही. यासाठी वैशाखातच मोड आणून, वाळवून, परतून दाणे तयार करून ठेवावेत. पीठ दोन-तीन आठवड्यांत खवट होते, अख्खे दाणे घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात अधिक काळ टिकतात. पंधरा दिवसांपुरतेच दळावे. घरी राहणाऱ्या आजीस मापाचा चमचा व पातेले दाखवून ठेवावे. लापशी प्रत्येक वेळी ताजी करावी व शिजल्यापासून दोन तासांच्या आत संपवावी. भरविण्यापूर्वी भरविणाऱ्याने आपले व बाळाचे हात साबणाने धुवावेत.

हगवण लागली तरी अंगावर पाजणे व अन्न देणे बंद करू नये. जलसंजीवनी पाजावी, जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस द्याव्यात, आणि बाळ मलूल झाल्यास किंवा शौचात रक्त दिसल्यास विलंब न लावता दवाखान्यात न्यावे.

खर्चाचा हिशेब

बाजारातील बंद डब्याचे अन्न म्हणजेच उत्तम अन्न, असा समज सर्वत्र पसरला आहे. बालकांच्या अन्नाच्या विक्रीवर नियंत्रण घालणारा कायदा १९९२ साली झाला व २००३ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंतच्या बालकांच्या अन्नाची जाहिरात करण्यास मनाई आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. डब्यावरील किंमत व वजन पाहून एका किलोचा भाव काढावा आणि त्याशेजारी ७०० ग्रॅम नाचणी, ३०० ग्रॅम मूग, पाखडण्या-चोळण्यातील थोडी घट व दळणावळ यांची बेरीज मांडावी. निराळे सांगावयास नको.

घरच्या शेतीचा हिशेब याहून सोपा आहे. दररोज तीन वेळा २५ ग्रॅम पीठ धरले तर वर्षास सुमारे २७ किलो पीठ लागते. घट धरून त्यास २२ किलो नाचणी व १० किलो मूग पुरे होतात. नाचणीचे हेक्टरी १० क्विंटल व मुगाचे ५ क्विंटल असे बेताचे उत्पन्न धरले तरी नाचणीस सव्वादोन व मुगास दोन गुंठे जमीन पुरते. म्हणजे सव्वाचार गुंठ्यांत एका बाळाचे वर्षाचे अन्न पिकते.

ग्रामसेवकांनी करावयाचे काम

ही माहिती सभेत सांगण्यापेक्षा चुलीपाशी करून दाखविल्यास लवकर पटते. ग्रामसेवकांनी अंगणवाडी सेविकेच्या साह्याने एका अंगणात दोन पातेली मांडावीत. एकात साध्या नाचणीचे व दुसऱ्यात मोडाच्या नाचणीचे तेवढेच पीठ, तेवढ्याच पाण्यात शिजवावे. एकात गोळा होतो व दुसरे चमच्यातून ओघळते, हे डोळ्यांनी पाहिल्यावर अधिक सांगावे लागत नाही. या प्रात्यक्षिकास सासूबाई व आजी यांना अगत्याने बोलवावे, कारण घरोघरी बाळाचे अन्न पुष्कळदा त्यांच्याच हाती असते. सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकांसाठी अंगणवाडीतून मिळणारा घरी नेण्याचा आहार बाळाच्याच पोटात जावा, हेही तेथेच सांगावे.

दर महिन्यास बाळाचे वजन करवून माता व बाल संरक्षण कार्डावर नोंदवावे. साधारणपणे वर्षाच्या अखेरीस बाळाचे वजन जन्मवेळच्या तिप्पट व्हावयास पाहिजे. वजन दोन महिने वाढले नाही, तर आरोग्य केंद्रात दाखवावे. पिकाची वाढ थांबली तर शेतकरी त्याच दिवशी बांधावर उभा राहून कारण शोधतो. घरातील पिकाकडेही त्याच नजरेने पाहिले, तर येत्या खरिपात सव्वाचार गुंठे बाळाच्या नावाने राखून ठेवणे कोणासही जड जाणार नाही.